व्याह्यांच्या टाकीतलं डांबर

६ जानेवारी, सोमवार
आज माझं ऐकलं गेलं. लॅबमध्ये एवढी वर्षं डांबर तापवतोय, पण बैठकीत माझ्या म्हणण्याला कोणी मान डोलावली असं क्वचितच झालं असेल.

सुरतेतल्या पर्वत पाटियाच्या चौकातला रस्ता नव्याने करायचा आहे. सल्लागार कंपनीच्या तरुण साहेबांनी मागच्या कामाचे नियम जसेच्या तसे उतरवून आणले होते. मी म्हणालो, साहेब, तुमचा तो रस्ता पळत्या गाड्यांचा होता. इथे कापडाच्या गाठी भरलेले ट्रक सिग्नलला उभे राहतात. पळतं ओझं रस्त्याला सोसतं, उभं ओझं सोसत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात साधं डांबर लोण्यासारखं मऊ पडणार आणि चाकं त्यात चर पाडणार. तिथे पॉलिमर मिसळलेलंच डांबर हवं. ते ताणलं तरी परत जागेवर येतं.

साहेब म्हणाले, "महाग पडेल." मी म्हणालो, दर पावसाळ्याआधी उखडायचं आणि नंतर भरायचं, ते काय फुकट होतं का? शेवटी कबूल झाले. अटी लिहायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं, आणि खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं. दोन अटींवर मी अडून बसलो. एक, टाकीतली ढवळणी दिवसरात्र फिरती हवी. हे डांबर गरम टाकीत नुसतं पडून राहिलं की पॉलिमर वर येतं आणि खाली पातळ राहतं. दोन, प्रत्येक खेपेचा नमुना आमच्या लॅबने स्वतः प्लँटवर जाऊन घ्यायचा, तोही खालच्या तोटीतून, जिथून माल प्रत्यक्ष रस्त्यावर जातो. लोक डब्यात भरून आणून देतात त्यावर माझा विश्वास नाही.

घरी मंदाला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. म्हणाली, "बरं झालं. प्रज्ञाच्या साखरपुड्याला पांढरा शर्ट घालणार की निळा?"

१२ जानेवारी, रविवार
लेकीचा साखरपुडा झाला. पांढरा शर्ट.

मुलगा प्रमोद, बँकेत आहे, बोलायला मोकळा. प्रज्ञाला आवडला आहे हे ती सांगत नाही, पण तिच्या फोनवरून कळतं. बुद्धवंदना झाली, पेढे झाले. हुंडा नाही, मानपान नाही. आपल्यात वरपक्ष-वधूपक्ष असा भेद नाही, हे दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी एकेकदा बोलूनही दाखवलं. तरी त्यांची माणसं येताच आमची सगळी उठून उभी राहिली आणि त्यांच्यातलं कोणी उठलं नाही, तेवढं चालायचंच.

मुलाचे वडील शालिग्रामभाऊ कामरेजच्या हॉटमिक्स प्लँटवर मॅनेजर आहेत. खडी आणि डांबर मिसळून रस्त्याचा माल तयार होतो तो हा प्लँट. आणि पाटियाचं काम त्यांच्याच कंपनीला मिळालंय! जेवताना हे कळलं आणि आम्ही दोघंही हसलो. शालिग्रामभाऊ घरात-दारात, ऑफिसात, सगळीकडे अहिराणीच बोलतात. म्हणाले, "याही, आते तुम्ही मना मास्तर. पेपर तपासज्यात, पन जरा हात राखीसन." गंमत. तसा माणूस सरळ आहे, साध्या डांबरावर उभा जन्म काढलेला.

१३ जानेवारी, सोमवार
लॅबच्या शेठना सांगून टाकलं की प्लँटचे मॅनेजर माझे व्याही होणार आहेत. उगाच मागून कोणी बोलायला नको. शेठ हसले. "सारुं ने, नरेनभाई. हवे चा तो मळशे." म्हणजे आता चहा तरी मिळेल. त्यांनी विषय तिथेच संपवला.

१६ जानेवारी, गुरुवार
पहिल्या खेपेचा नमुना घ्यायला कामरेजला गेलो. चहा मिळेल म्हणाले होते, तिथे जेवणच निघालं. कळण्याची भाकरी, ठेचा, शेवेची भाजी. विहीणबाईंनी पहाटे उठून डबा करून पाठवला होता. मी म्हणालो आधी नमुना घेतो. शालिग्रामभाऊंनी माझा हात धरून खुर्चीत बसवलं. "तुम्ही आनि त्या तोटीखाल बठशात? कपडा खराब व्हतीन. लोक काय म्हनतीन, याहीले डांबरमा बसाडं?"

उठून गेलो असतो तर अर्थ असा झाला असता की तुमच्यावर विश्वास नाही. साखरपुड्याला आठवडा नाही झाला. मी भाकरी मोडली. ते स्वतः टाकीवर चढून गेले आणि मी हात धुतो तोवर भरलेला डबा माझ्या पिशवीशेजारी होता. बाहेरून पुसलेला, झाकणाला कागद लावलेला. एवढी काळजी आमच्या लॅबमध्येसुद्धा कोणी घेत नाही.

एक गोष्ट लक्षात राहिली. टाकीजवळ एरवी ढवळणीच्या मोटारीचा एवढा आवाज असतो की ओरडून बोलावं लागतं. आज अगदी शांत होतं. आम्हाला निवांत बोलता यावं म्हणून त्यांनी ती तेवढ्यापुरती बंद करायला लावली असणार. मोठा माणूस.

१८ जानेवारी, शनिवार
निकाल बघून रूपालीने शिट्टीच मारली. रूपाली म्हणजे आमच्या लॅबमधली टेक्निशियन, अकोल्याची, बोलायला फटकळ, हाताला पक्की. डांबराची दोरी ताणून मधोमध कापतात आणि तासाभराने किती आखडली ते बघतात. अटीपेक्षा कितीतरी जास्त आखडली. गोळीच्या परीक्षेतही तसंच. पितळी कडीत डांबर भरून वर पोलादी गोळी ठेवतात आणि भोवतीचं पाणी तापवत नेतात. गोळी खाली यायचं नावच घेईना.

"सर, हे तर जास्तच चांगलं आलं," रूपाली म्हणाली. मी म्हणालो, चांगलं कधी जास्त असतं का?

३० जानेवारी, गुरुवार
दुसरी खेप. रूपाली म्हणाली, मीही येते, शिकायला मिळेल. मी नको म्हणालो. व्याह्यांच्या घरचा डबा, त्यात आणखी एक माणूस घेऊन जायचं म्हणजे बरं दिसत नाही. आज वांग्याचं भरीत होतं. प्लँट आजही शांत.

परत निघताना नमुन्यासोबत चार किलो वांगी आणि तुरीच्या शेंगांची पिशवी दिली. स्कूटरवर ठेवायला जागा नव्हती. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, असं मनात म्हणत ते घोडं नवागामला घरापर्यंत मांडीवर घेऊन आलो. मंदा खूश. मीही खूश होतो, खोटं कशाला लिहू. मुलीच्या सासरी आपला मान आहे हे बघून कोणत्या बापाला बरं वाटणार नाही?

१५ फेब्रुवारी, शनिवार
चौक पूर्ण झाला. चार खेपा, चारही नमुने उत्तम. मुद्दाम जाऊन बघून आलो. काळाभोर, सपाट. साहेबांचा फोन आला, पुढच्या रस्त्यालाही हेच डांबर लिहू या म्हणाले. मी उधन्याच्या बाजूने लांबचा वळसा घेत चालत घरी आलो, उगाचच.

२३ मार्च, रविवार
प्रज्ञा कापड बाजारात एका पेढीवर हिशेब बघते, रोज त्याच चौकातून जाते. सकाळी म्हणाली, "बाबा, तुमच्या सिग्नलजवळ स्कूटरचं चाक ओढल्यासारखं होतं." मी म्हणालो, टायर बघ तुझा. म्हणाली, टायर नवा आहे. मी पेपर वाचायला घेतला.

२६ मार्च, बुधवार
टायरचा दोष नाही.

पट्टी आडवी टाकून मोजलं. जिथे ट्रक उभे राहतात तिथे चाकांच्या ओळीत चर पडलाय, माझं अर्धं बोट आत जातं. कडेला डांबर फुगून वर आलंय. अजून मे महिना लागायचा आहे. साहेब तिथेच होते. ओरडले असते तर परवडलं असतं, पण ते शांतपणे म्हणाले, "नरेंद्रजी, हेच होणार असेल तर साधंच काय वाईट? पुढच्या रस्त्यांच्या अटी मी बदलून टाकतो."

चौक एक गेला तर गेला. पण माझ्या शब्दावर ज्या पुढच्या रस्त्यांना चांगलं डांबर मिळणार होतं, त्यांनाही आता मिळणार नाही.

२९ मार्च, शनिवार
रस्त्यातून गोल तुकडे कापून आणले, त्यातलं डांबर वेगळं काढलं. दोरी ताणली, कापली. पडून राहिली मेल्या सापासारखी. आखडायचं नावच नाही. हे आमच्या नमुन्यांचं डांबर नव्हेच.

सकाळपासून कारणं शोधतोय. प्लँटवर जास्त तापवलं असेल. डांबर वेगळं काढायच्या रसायनात खोट असेल. रूपालीची भट्टी चढ दाखवत असेल. तिला तसं म्हणालो तर तिने भट्टीत दुसरा थर्मामीटर ठेवून माझ्यासमोर धरला. दोन्ही सारखे. मग म्हणाली, "सर, गुस्सा नका करू. नमुने तुम्ही कुठून काढले होते?"

"प्लँटवरून," मी म्हणालो.

"वो तो मालूम है. टाकीच्या कुठून?"

मी म्हणालो, तुझं काम तू कर. आजकालच्या पोरांना कोणाला काय विचारावं हेच कळत नाही. दिवसभर डोकं दुखत होतं.

३० मार्च, रविवार
आज व्याही-विहीण आणि प्रमोद जेवायला आले. लग्नाचा हॉल ठरवायचा होता, मेमधली तारीख पक्की झालीच आहे. मंदाने पुरणाच्या मोठ्या पोळ्या खापरावर भाजल्या. शालिग्रामभाऊंना चौकाचं कळलं होतंच. बिचारे खरंच कष्टी होते. म्हणाले, "काय व्हयनं काय जाने. मोटार जवय जानेवारीमा जयनी तवयपासून कामं उलटंच पडी राहिनं."

कसली मोटार, असं मी विचारलं. ढवळणीची, म्हणाले. जानेवारीच्या सुरुवातीला जळाली, नव्या तारा गुंडाळायला दिली, ती पार फेब्रुवारी सरता परत आली. पण डांबर गरम तर होतंच की. आणि मग माझ्या ताटात तूप वाढत वाढत म्हणाले, "पन तुमले मी कधी तयनं दिधं नही हां. तयमा गाय ऱ्हास. टाकीनं झाकन उघाडीसन वरलं वरलं, साय काढतंस तसं काढीसन दिधं. याहीले काय तयनं देतंस का?"

तळाचं कधी दिलं नाही, वरचं वरचं काढून दिलं. ढवळणी नसलेल्या टाकीत सगळं पॉलिमर वर आलं, ते माझ्या डब्यात आलं. तळाचं पातळ रस्त्यावर गेलं. त्यांना साधं डांबर माहीत. ते वर-खाली सारखंच असतं. खाली गाळ असतो म्हणून पाहुण्याला वरचं द्यायचं, एवढाच त्यांचा हिशेब. आणि मी? दोन्ही अटी मी माझ्या हाताने लिहिल्या. मोटारीचा आवाज नाही हे कानांनी ऐकलं आणि तो आपला मान समजलो.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण प्रमोद आणि प्रज्ञा हॉलचे फोटो बघत हसत होते. विहीणबाई मंदाला शालू दाखवत होत्या. भरल्या ताटावर पाहुण्याला, तेही मुलाच्या बापाला, तुमच्यामुळे रस्ता गेला असं कसं सांगायचं? मी आणखी एक पोळी घेतली.

१ एप्रिल, मंगळवार
काल दिवसभर विचार केला. गप्प राहिलो तर दोष डांबरावर जातो. कोणाच्या घरात काही बिघडत नाही, लग्न थाटात होतं आणि सुरतेचे रस्ते दरवर्षी उखडतात. लिहिलं तर शालिग्रामभाऊ अडकतात, आणि लग्नाचं काय होईल ते सांगता येत नाही.

शेवटी लिहिलं. चारही नमुने रद्द समजावेत. टाकीची ढवळणी बंद होती. नमुने खालच्या तोटीतून घेतलेले नव्हते, ते मी स्वतः काढले नव्हते, जबाबदारी माझी. डांबराचा दोष नाही. शेठनी वाचलं. "नरेनभाई, आवुं लखवानी शुं जरूर छे? फरीथी टेस्ट करी नाखो." असं लिहायची गरजच काय, पुन्हा टेस्ट करून टाका म्हणे. मी म्हणालो, रस्ता पुन्हा टेस्ट करता येत नाही. त्यांनी सही केली.

कामरेजला आधी जाऊन शालिग्रामभाऊंना सांगावं असं मनात आलं होतं. पण कोणत्या तोंडाने? त्यांना रिपोर्टमधून कळेलच.

४ एप्रिल, शुक्रवार
त्यांचा फोन नाही. प्रमोदचे प्रज्ञाला येतात, पण ती बाहेर जाऊन बोलते. मंदाला सगळं कळलंय. म्हणाली, "फोन लावा ना त्यासले. मूग गियीसन का बठनात?" मी समजावलं, अशा वेळी मुलीकडच्यांनी फोन करणं बरं नाही, दबाव टाकल्यासारखं होतं. त्यांचा राग शांत झाला की त्यांच्याकडूनच येईल. मोठेपणा त्यांचा आहे.

प्रज्ञा म्हणाली, "बाबा, ते पण वाट बघत असतील तर?"

तिला अजून रीतभात कळत नाही.

१४ एप्रिल, सोमवार
जयंती. मिरवणुकीत दरवर्षी शालिग्रामभाऊ कामरेजच्या मंडळासोबत पुढे असतात. सगळी गर्दी पालथी घातली. प्रमोद दिसला, त्याने जय भीम केला, मीही केला. वडील कुठे म्हणून विचारणार होतो तेवढ्यात ढोल वाजला. म्हणजे राग अजून तसाच आहे. पाया न पडता गेलेल्या पोरासारखं वाटत राहिलं दिवसभर. हॉलवाला आगाऊ रक्कम मागतोय. मंदा माझ्याशी कामापुरतं बोलते. रात्री स्वयंपाकघरात एकटी रडत होती, मला बघून तोंड धुतलं. मलाही रडावंसं वाटलं.

एक बरं झालं. साहेबांनी पुढच्या रस्त्यांच्या अटी बदलल्या नाहीत. उलट ढवळणीची अट जाड अक्षरात घातली. हे कोणाला सांगावं ते कळेना, म्हणून इथे लिहितो.

२४ एप्रिल, गुरुवार
चौकातला बिघडलेला थर खरवडायचं काम आजपासून. नमुने घ्यायला मी गेलो. खरवडायचं यंत्र सुरू झालं की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. धूळ, ट्रकांचे भोंगे आणि ऊन.

वाहतूक अडवायला एक माणूस लाल झेंडी घेऊन उभा होता, हिरवं जाकीट, डोक्याला रुमाल. जवळ गेलो तर शालिग्रामभाऊ! मॅनेजर माणूस आणि झेंडी धरून उभा. कोणी पोरगा सुट्टीवर असेल म्हणून स्वतः उतरले असतील, हा माणूस आहेच तसा, असं मला वाटलं. आणखी पुढे गेलो. त्यांनी बघितलं आणि पुन्हा ट्रककडे तोंड केलं.

मग मी ओरडलोच. यंत्राच्या आवाजात दुसरा मार्ग नव्हता. "भाऊ, मी लिखं! मना नाइलाज व्हता!"

"वाचं मी!" तेही ओरडले. "खरं शे ते! खोटं कोठे शे?"

"मंग राग कसाना?"

त्यांनी झेंडी आडवी धरून एक ट्रक थांबवला आणि माझ्याकडे वळले. "त्या कागदना राग नही मले! कागद जग वाचस! तुम्ही मना दारशी उनात नही, त्याना राग शे! दारमा खुर्ची टाकीसन बठेल व्हतु मी, आज येतीन, सकाय येतीन! लिखता उनं, बोलता उनं नही?"

मी म्हणालो की मी मुलीचा बाप आहे, कसा येणार होतो?

"मंग मी पोरगाना बाप म्हनीसन वाघ शे का?"

सिग्नलला थांबलेले दोन रिक्षावाले आमच्याकडे बघत होते. मला लाज वाटली, पण आता थांबता येईना. जे ताटावर बोलता आलं नाही ते सगळं ओरडून सांगितलं. मी चुकलो. आधी तुमच्याकडेच यायला हवं होतं. हे लग्न व्हावं असं मला फार वाटतं. आणि पुढच्या कामाला नमुना मीच काढणार, खालच्या तोटीतून. कपडे खराब झाले तर होऊ द्या, तुम्ही मध्ये यायचं नाही.

शालिग्रामभाऊंनी रुमालाने तोंड पुसलं. "मध्ये कथाईन येसू? प्लँटवरथीन काढं मले. तुमना कागद गया त्याच हप्तामा. तवयपासून हाई झेंडी शे."

त्यांना प्लँटवरून काढलं हे मला माहीत नव्हतं. रिपोर्ट मी धाडला, त्याने कोणाचं काय झालं हे विचारायला एकदाही गेलो नाही. त्यांच्या फोनची वाट बघत बसलो. जयंतीला तो माणूस रागाने नाही, लाजेने आला नव्हता.

"आज येस मी. संध्याकाळले. घर ऱ्हाज्यात," मी म्हणालो. विचारलं नाही, सांगितलं.

त्यांनी झेंडी खाली केली, ट्रक सोडले. मग मान न वळवताच म्हणाले, "या. पन एकला नका येज्यात. प्रज्ञाले संगे लई या."

लग्नाआधी मुलीने सासरच्या उंबऱ्यात पाऊल ठेवायचं नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. मी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. काम आटोपल्यावर संध्याकाळी रस्ता ओलांडून बाजारात गेलो, पेढीच्या पायऱ्या चढलो आणि प्रज्ञाला म्हणालो, चल, कामरेजला जायचंय. तिने हिशेबाची वही मिटली, स्कूटर काढली. मी मागे बसलो.